मला माय म्हणू नका

मला घरातलं कुणी 'माय' म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि आता मी ते लपवत नाही. तोंडावर सांगते, मला माय म्हणू नका.

बाहेरच्यांशी माझं भांडण नाही. लातूरच्या गंजगोलाईत भाजीवाला म्हणतो, "घे गं माय, कवळी भेंडी हाय," तर मी भेंडी घेते. एसटीतला कंडक्टर खेकसतो, "ए माय, मागं सरक की," तर मी सरकते. सणावाराला दारात आलेली मागणारी बाई ओरडते, "वाढ गं माय," तिलाही वाढते. आपल्याकडे केस पिकायला लागलेल्या बाईला नाव उरत नाही, ती सगळ्या गावाची माय होते, आणि बोलणाऱ्यांच्या मनात त्यावेळी काही काळंबेरं नसतं. पण मला हा शब्द केस पिकल्यावर मिळालेला नाही. मला तो पाळण्यात मिळाला.

आमचं गाव बिलोली तालुक्यात. माझ्या जन्माच्या काही महिने आधी माझ्या वडिलांची आई वारली होती. घरातलं पहिलं लेकरू मी, त्यातून मुलगी, त्यामुळे तीच परत आली याबद्दल कुणाला शंका उरली नाही. बारशाला आत्याने माझ्या कानात आजीचंच नाव सांगितलं. सगळे खूश झाले. अडचण झाली ती फक्त माझ्या आईची. सुनेने सासूचं नाव घ्यायचं नाही, सासू जिवंत असो की मेलेली. म्हणजे स्वतःच्या पोटच्या पोरीला तिला नावाने हाकच मारता येईना. सासूला ती 'माय' म्हणायची, तर मलाही 'माय' म्हणू लागली. तिचं ऐकून चुलते, चुलत्या, आत्या, गडी, शेजारपाजार. वडीलही. दिवसभर शेतात राबून आलेला धिप्पाड माणूस ओट्यावर बसून मला विचारायचा, "माय, जेवलीस का?" आणि मला धड बोलताही येत नव्हतं.

शाळेत गुरुजींनी हजेरीत माझं नाव पुकारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले होते. ते नाव माझं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि एका घरात दोन माया कशा असणार? म्हणून आम्ही भावंडं आईला 'बाई' म्हणायला लागलो. वस्तीतली माणसं तिला बाई म्हणायची, तेच आमच्या तोंडी बसलं. आमच्याकडे कैक घरांत असं असतं. आईला कुणी वहिनी म्हणतं, कुणी काकी, कुणी अक्का. घरात आधीपासून जी हाक चालू असेल ती लेकरं उचलतात. पण आमच्या घरात आई लेकीला माय म्हणायची आणि लेक आईला बाई. आल्यागेल्याला मोठी गंमत वाटायची. मला आज त्यात काडीचीही गंमत वाटत नाही.

पितृपंधरवड्यात आजीचा म्हाळ घालायचे, त्या दिवसाची मी लहानपणी वाट बघायचे, हे मात्र खरं. मला न्हाऊ घालून नवं परकर-पोलकं नेसवायचे. आजीच्या नावाचा पाट मांडायचे आणि त्यावर मला बसवायचे. वडील परातीत माझे पाय धुवायचे, कुंकू लावायचे आणि पायावर डोकं ठेवायचे. मागून चुलते. त्यांच्या टोप्या माझ्या गुडघ्याला लागायच्या आणि मला गुदगुल्या व्हायच्या. मग ताट यायचं. पुरणपोळी, कढी, वडे, तांदळाची खीर. एका वर्षी, सहा-सात वर्षांची असेन, मी खिरीची वाटी चाटूनपुसून संपवली आणि अजून मागितली. धाकटे चुलते हसले आणि म्हणाले, "आमची माय अशी नव्हती बा. लेकरायला ठेवून मंग खायची." सगळं घर हसलं. मी वाटी खाली ठेवली. खीर भांड्यात भरपूर होती, पण मला कुणी वाढली नाही, आणि मीही परत मागितली नाही.

पुढे माझं सगळं त्याच मापाने मोजलं गेलं. माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले. आंबा आला, "माय हाईस ना, दे त्यायला." गोधडी एक कमी पडली, "मायला थंडी वाजत नसती." धाकटा ओट्यावरून पडला आणि त्याचं कपाळ फुटलं, तेव्हा मला विचारलं गेलं, "माय, तुझं ध्यान कुठं होतं?" माझं ध्यान गजगे खेळण्यात होतं, कारण मी आठ वर्षांची होते.

मला कधी कुणी मारलं नाही, हे सगळे मोठ्या कौतुकाने सांगतात. वडील भावांना चिपाडाने बडवायचे आणि माझ्यापाशी आले की म्हणायचे, "मायवर हात कसा उचलू?" बाकीच्या पोरींना माझा हेवा वाटायचा. मला त्यांचा वाटायचा. त्यांना रट्टे बसायचे, पण त्या हट्ट करायच्या, रुसायच्या, जत्रेत बांगड्यांसाठी जमिनीवर लोळायच्या. मी लोळले असते तर गाव हसलं असतं. हट्ट करणारी माय कुणी बघितली आहे का?

सातवीनंतरची शाळा बिलोलीला होती. मला जायचं होतं. वडील म्हणाले, "माय घर सोडून कुठं जाती का?" वडील हे रागाने म्हणाले नाहीत. त्यांनी ते हसून, माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, आणि म्हणून मला भांडताही आलं नाही. पुढे दोन्ही भाऊ त्याच शाळेत गेले. मोठ्याला तर सायकल घेऊन दिली. सायकल पुसायचं काम माझ्याकडे होतं.

त्या सायकलवरून भाऊ कबड्डी खेळायला जायचा आणि भांडून यायचा. आल्या आल्या सांगायचा, "माय, त्या पोरानं आज तुला शिवी देलाय." मी चुलीपाशी भाकरी थापत असायचे. कबड्डी कुणाची, भांडण कुणाचं, आणि शिवी मला. आमच्याकडच्या पुरुषांचं तोंडच तसं आहे. ऊन पडलं तरी "मायला, काय ऊन हाय" आणि पाऊस आला तरी "मायला, काय पाऊस हाय". दिवसातून शंभर वेळा तिला असं तोंडात घोळवायचं आणि म्हाळाला तिच्या पायावर डोकं ठेवायचं. त्यात त्यांना काही विचित्र वाटत नाही.

माझं लग्न झालं तेव्हा मांडवात एकच हंबरडा फुटला, "माय चालली, आमची माय चालली." वडिलांनी सगळ्यांसमोर वाकून माझे पाय धरले. नवऱ्याकडची मंडळी चमकली, काही जण तोंडाला रुमाल लावून हसले. लातूरला आल्यावर सासूने मला पहिल्याच दिवशी बजावलं, "तिकडं असशील माय. ह्या घरात माय मी हाय." मग म्हणाली, "पोरी, चहा ठेव."

सासू काही गोड स्वभावाची नव्हती. पण तिने मला पोरी म्हटलं. ती मला कामावरून झापायची, टोमणे मारायची, आणि मी आत जाऊन रडायचे. रडून झालं की मला हलकं वाटायचं. माझ्या वयाच्या बाईशी जसं वागायला हवं तसं कुणीतरी माझ्याशी वागत होतं. तिला जाऊन खूप वर्षं झाली, पण माझ्या माहेरच्या कुठल्याही माणसापेक्षा मला तिची आठवण जास्त येते.

दिवाळीला लेकी माहेरी येतात ते झोपायला, केस धुवून घ्यायला, आईच्या हातचं आयतं खायला. माझ्या चुलत बहिणी दुपारभर लोळायच्या. मी गेले की भावजया म्हणायच्या, "आता मायच आल्या, आपल्याला काय काळजी?" आणि चुलीपुढचा पाट माझ्याकडे सरकवायच्या. वडील कौतुकाने म्हणायचे, "मायच्या हातचं खाऊन किती दिवस झाले." मी सगळ्यांना रांधून वाढायचे आणि शेवटी बाईबरोबर बसून जेवायचे. बाई माझ्या ताटात गुपचूप तूप वाढायची. तीही मला मायच म्हणायची, पण तिच्यावर मी कधी चिडले नाही. तिच्यापाशी दुसरी हाकच नव्हती.

मला मुलगी झाली तेव्हा कळा देताना मी "माय गं, माय गं" असा जो आकांत मांडला तो सगळ्या वॉर्डाने ऐकला. तिथली प्रत्येक बाई तेच ओरडत होती. त्या वेळी मी कुणाला हाक मारत होते, कुणास ठाऊक. बाईला तर मी कधी त्या नावाने हाक मारलेली नव्हती. ती मुलगी मोठी झाली, शाळेत जायला लागली आणि मला मम्मी म्हणू लागली. जिच्या तोंडी हा शब्द शोभला असता, तिला शाळेने तो सोडायला लावला. असो. तिचं लग्न होऊन ती आता नांदेडला असते, आणि तिच्या 'मम्मी'त मला कधी काही मागितल्यासारखं वाटत नाही.

नवरा डाळ मिलमध्ये कामाला होता. तो गेल्यावर मी क्लासेसच्या मुलींची मेस सुरू केली. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे गॅस, मागे मी. जूनमध्ये पोरी गावाकडून येतात, आईबाप सोडायला येतात. मागे एक पोरगी बोलता बोलता आईला म्हणाली, "माय, पाणी दे," आणि बाजूच्या दोन शहरी मुली हसल्या तशी घाईने म्हणाली, "मम्मी, बॉटल." तिच्या आईने पदर तोंडाला लावला आणि हसल्यासारखं केलं. तेव्हाच आमच्या चौकात कुणा पुढाऱ्याचा फलक लागला होता, त्यावर मायमराठीचा जयजयकार, मायबोलीला वंदन, आणि खाली बत्तीस दात दाखवणारे बारा फोटो. मला दोन्हींचा संताप आला. मी त्या हसणाऱ्या पोरींना त्या दिवशी वरण वाढताना जरा जास्तच मोठ्याने बोलले. माझा राग या शब्दावर नाही, हे मला सांगायचं आहे. शब्द बिचारा चांगला आहे. त्याला पुढे करून मागून दुसऱ्याच्या ताटात हात घालणाऱ्यांवर माझा राग आहे.

तर तो हात कसा घातला गेला ते सांगते. वडील वारले. वर्षश्राद्ध झालं. तलाठ्याकडे वारसांची नोंद झाली, तीत बाई, दोन भाऊ आणि मी, अशी चौघांची नावं लागली. त्यानंतर दोघे भाऊ लातूरला माझ्याकडे आले. मोठ्याची धर्माबादला आडत आहे, धाकटा गावी शेती बघतो. हातात साडीचोळीची पिशवी होती. मी ओळखलं. आमच्याकडे भाऊ बहिणीला अवेळी साडी घेऊन आला की तिने विचारायचं नसतं, सही कुठे करायची तेवढंच विचारायचं असतं. बहिणीने हक्कसोड द्यायची, साडी नेसून ओवाळायचं, आणि माहेर शाबूत राहिलं म्हणून समाधान मानायचं. माझ्या दोन्ही आत्यांनी तेच केलं होतं.

मी चहा ठेवला. मोठा म्हणाला, "माय, तुला काय सांगायचं? तुला तर समदं कळतंय. बिलोलीला एक दिवस येऊन जा."

मी म्हणाले, "कशाला?"

"अगं, कागद करून राहिलो. नाव कमी करायचं फकस्त."

"नाही करायचं."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. तो हसत होता. मग धाकटा म्हणाला, "माय, तू आमची माय हाईस. माय लेकरापून घेती का कधी? ती देती."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले होते. खिरीच्या वाटीला हेच होतं, सायकलीला हेच होतं. पण आतापर्यंत ते आंब्यापुरतं आणि गोधडीपुरतं होतं. मी म्हणाले, "हे घर भाड्याचं आहे. मालक वरती होस्टेल बांधायचं म्हणतोय. मला खोल्या सोडायला सांगेल तेव्हा मी कुठे जाऊ?"

"आमी हावोत की," दोघे एकदम म्हणाले.

"मग माझा वाटा मला दिल्यावरही तुम्ही असालच की."

मोठ्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "माय, ती काळी माय हाय आपली. मायचे तुकडे करायचे व्हय?"

मला राग अनावर झाला. वडील असतानाच या दोघांनी आपसात ती जमीन वाटून घेतली होती. मध्ये बांध घातला होता, बांधावरून एकदा हाणामारीही झाली होती. त्या काळ्या मायचे दोन तुकडे केले तेव्हा तिला काही दुखलं नाही. तिसरा करायचा म्हटलं की लगेच ती माय झाली. मी हे सगळं त्यांना ऐकवलं. शेजारी ऐकत होते, मुली जेवायला यायची वेळ झाली होती, मी आवाज खाली केला नाही. ते चहा न पिता गेले. साडीची पिशवी मात्र खुर्चीवर तशीच ठेवून गेले, जणू माझी सही झाल्यातच जमा होती.

महिनाभराने धाकट्याचा फोन आला, "बाईला बरं न्हाई, येऊन जा." मी मेस शेजारणीच्या हवाली करून निघाले. बिलोलीच्या स्टँडवर दोघे मोटारसायकली घेऊन उभे. घरी न नेता त्यांनी मला सरळ दस्त नोंदवायच्या कचेरीत नेलं. तिथे लिंबाखालच्या बाकड्यावर बाई बसली होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. धुतलेलं लुगडं नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसली होती, आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही.

कागद टाइप करून तयार होता. आत फोटो काढायचा कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र. साहेबाने कागद वाचून दाखवायला सुरुवात केली. वारसांत पहिलं नाव बाईचं होतं. तिनेही हक्क सोडायचा होता. मग माझं. साहेबाने माझ्याकडे बघून विचारलं, "स्वखुशीने सोडताय ना?" तो दिवसाला असे कितीतरी प्रश्न विचारत असेल. उत्तर ऐकायला त्याने मानही वर केली नव्हती.

मी म्हणाले, "नाही. मला फसवून आणलंय."

 साहेबाने पेन खाली ठेवला. धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माय, लोक बघून राहिले."

"बघू दे."

मोठा दातओठ खात म्हणाला, "तू माय हाईस का कोण हाईस?"

"लेक आहे," मी म्हणाले. "बाबांची लेक. या कागदावर तेच लिहिलंय. नावापुढे मुलगी लिहिलंय, वाच." आणि मी त्याच्या नाकासमोर तो कागद धरला. असं बोलताना मला रडू येत होतं आणि मला रडायचं नव्हतं, त्यामुळे माझा आवाज फार कर्कश निघाला. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. साहेब म्हणाला, असं असेल तर हा दस्त होणार नाही, बाहेर जाऊन मिटवा. बाईचा अंगठाही राहिला.

मी बाईला म्हणाले, "चल माझ्याबरोबर." ती म्हणाली, "लेकीच्या घरी कशी येऊ? मला ह्यांच्यातच मरायचंय." आणि धाकट्याच्या मोटारसायकलवर मागे जाऊन बसली. परतीच्या गाडीत मला भावांइतकाच तिचाही राग आला होता. नांदेड येईपर्यंत मी मनात तिच्याशी भांडत होते.

ती दिवाळी माझी माहेराविना गेली. भाऊबीजेला फोन नाही. चुलत्यांनी, आत्यांनी बोलणं टाकलं. आत्या, जिने माझ्या कानात नाव सांगितलं होतं, तिने निरोप धाडला की असली माय वैऱ्यालाही मिळू नये.

मग हिवाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. एसटीचा कंडक्टर होता. "इथं लातूर स्टँडवर एक माय बसलीय बगा, तिच्या चिठ्ठीवर तुमचा नंबर हाय. घ्यायला कोण येऊन राहिलंय का?" मी रिक्षाने धावत गेले. बाई चौकशीच्या खिडकीखाली फरशीवर बसली होती. शेजारी एक पिशवी, तीत दोन लुगडी आणि औषधाच्या गोळ्या. इतक्या लांबच्या प्रवासात ती कुठे उतरली नव्हती, पाणी प्यायली नव्हती, लघवीला जावं लागेल म्हणून.

मी मोठ्याला फोन लावला. त्याने उचलला, हे विशेष. म्हणाला, "वाटा पाह्यजे होता ना तुला? घे. पाठवून दिलो."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात त्याच्या तोंडी रोज असणारा शब्दही होता, आणि तो वापरताना ती शेजारीच बसली आहे याचंही मला भान राहिलं नाही. बाईने फक्त माझा पदर ओढला.

घरी आणल्यावर ती उंबऱ्यापाशी बसली. आत ये म्हटलं तर आत आली आणि भिंतीला टेकून बसली, पाहुण्यासारखी. कुठे झोपू विचारायची, आंघोळ करू का विचारायची. दुसऱ्या दिवसापासून तिने लसणाची टोपली पुढ्यात ओढली आणि मेसचा सगळा लसूण सोलायला लागली. मी नको म्हटलं तर ऐकेना, फुकट खाते असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि लसूण सोलता सोलता लेकांची बाजू घ्यायची. मोठ्याच्या आडतीचं कसं चाललंय, धाकट्याचं पाठीचं दुखणं, सुनांचे स्वभाव. "त्यायचं बी काय चुकलं," म्हणायची. "लोकांच्या लेकी देत्यात सही." मी भांडी आपटायचे. एकदा मी ओरडले, "तुला बोचक्यासारखं गाडीत टाकून दिलं त्यांनी." ती म्हणाली, "बसायला जागा बघून देलं की. खिडकीची."

संक्रांतीच्या आसपास मी वकिलाला भेटायचं ठरवलं. सकाळची भाजी-पोळी उरकून, कागदांची पिशवी घेऊन निघाले होते. बाई लसूण बाजूला सारून उठली आणि कोपऱ्यात काहीतरी शोधायला लागली.

मी म्हणाले, "काय पाहिजे? मला उशीर होतोय."

"मी बी येते."

"तू कशाला?"

"माझा बी वाटा हाय ना? त्या सायबानं वाचलं तवा माझंच नाव पयलं होतं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मला माझा वाटा पाह्यजे. हिरीजवळचा तुकडा माग. त्यो समदा म्या निंदलाय."

मला वाटलं आता ती रडेल. ती चप्पल शोधत होती.